तिरोड्याच्या भिंतींतली वीज

तिरोड्यातल्या जुन्या घरांत वीज भिंतीवरून चालायची, उघड्यावर. मीटरच्या फळीपासून सागाची पट्टी निघायची, दाराच्या चौकटीवरून वळण घ्यायची, छपरीतून माजघरात शिरायची आणि मयालीला जिथे बल्ब टांगलेला असायचा तिथे संपायची. खाटेवर बसलेल्या पाहुण्यालाही दिसायचं, लाईन कुठून येते आणि कुठे जाते. माझे वडील वायरमन होते. मीही आयटीआय करून परवाना काढला आणि आयुष्यभर हेच काम केलं. वडिलांनी ठोकलेल्या पट्ट्या मी काढल्या, आणि मी भिंतीत गाडलेले पाईप आता तरुण पोरं फोडून काढताहेत. त्यामुळे या गावाच्या बऱ्याच भिंती मला आतून माहीत आहेत.

माझा पुतण्या सध्या गावाबाहेर नवीन घर बांधतो आहे. स्लॅबची सळई बांधून होत आली तेव्हा तो म्हणाला, "मोठे बाबा, मला सगळं घर मोबाईलवर चालवायचं आहे. कोणतं सामान आणू ते सांगा जी." मी म्हटलं, "सामानाचं मागून पाहू बेटा, आधी पाईपाचं बोलू." त्याला ते पटेना. म्हणून मी त्याला आमच्या गावातल्या लाईट फिटिंगची सगळी हकीकत सांगितली. तीच इथे लिहितो आहे.

तिरोडा रेल्वेचं गाव. नागपूरहून गोंदियाकडे जाताना तुमसर रोड, मुंडीकोटा, तिरोडा, काचेवानी अशी स्टेशनं लागतात. १९५६ पर्यंत आम्ही जुन्या मध्य प्रदेशात होतो आणि नागपूर आमची राजधानी होती. नोव्हेंबर १९५६ मध्ये आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं आणि 'एमएसईबी' हा शब्द आमच्या घरात रोज ऐकू येऊ लागला. जिल्हा तेव्हा भंडारा. गोंदिया वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. कोळसा विदर्भात, म्हणून वीज तयार करणारी केंद्रंही विदर्भात. खापरखेड्याचं जुनं केंद्र पन्नासच्या दशकातलं, कोराडीचा पहिला संच १९७४ चा, चंद्रपूरचा १९८३ चा. पण केंद्र जवळ असलं म्हणून घरात दिवा लागत नाही. वडील सांगायचे, आधी वीज धानाच्या गिरणीत गेली, मग बाजारातल्या दुकानांत, मग पक्क्या घरांत, आणि मातीच्या घरात सगळ्यात शेवटी.

मी काढलेलं सर्वांत जुनं काम केसिंग-कॅपिंगचं होतं. सागाच्या लांब पट्टीत दोन खाचा, एकीत फेज, दुसरीत न्यूट्रल, आणि वरून स्क्रूने बसवलेली लाकडी झाकणपट्टी. वायरीला आत रबर आणि बाहेर सुताचं विणकाम असायचं. झाकण उघडलं की ते रबर बोटांत चुरायचं. तांबं तेवढं चांगलं राहायचं आणि सागही चांगला. त्या पट्ट्या काढताना स्क्रू फिरत नसत, इतका साग त्यांना धरून बसलेला असायचा. उधई सगळीकडे फिरायची, पण जुन्या सागाच्या गाभ्याला ती फारशी लागत नसे.

वडिलांच्या उमेदीत केसिंग मागे पडलं आणि बॅटन पट्टी आली. हे काम मी त्यांच्या हाताखाली शिकलो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. पक्क्या भिंतीत आधी लाकडी गिट्टी ठोकायची, मग तिच्यावर पट्टी. पट्टी लावण्याआधी तिच्यावर पत्र्याच्या क्लिपा बारीक खिळ्यांनी मारून घ्यायच्या, आडव्या पट्टीवर दर चार इंचांना एक, उभीवर दर सहा इंचांना एक. वायर त्या क्लिपांत ओळीने बसवायची, क्लिपेचं टोक डोळ्यातून ओढून मागे वळवायचं आणि हातोडीने हलकेच दाबायचं. कोपऱ्यात वायर एकदम काटकोनात मोडायची नाही, गोलाईने न्यायची. उस्ताद लोक काम पाहायला आले की कोपरे पाहत. बल्बच्या जागी गोल लाकडी ब्लॉक, त्यावर सीलिंग रोज किंवा बॅटन होल्डर. स्विच काळे, गोल, बॅकेलाईटचे. खाली करताना खट्ट असा आवाज व्हायचा. फ्यूज चिनी मातीचे किटकॅट. फ्यूज गेला की घरातला कर्ता माणूस वायरीतली एक तार काढून स्वतः बांधायचा. बऱ्याचदा ती जाड असायची, आणि मग फ्यूजच्या आधी घरातली वायर जळायची.

मातीच्या घरात काम वेगळं. मातीच्या भिंतीत गिट्टी बसत नाही, भुसभुशीत होऊन बाहेर येते. म्हणून आम्ही भिंत सोडून द्यायचो. पट्टी जायची लाकडी खांबावरून, मयालीवरून, कवेलूखालच्या फाट्यांच्या कडेने. बोर्ड लागायचा दाराच्या चौकटीला. पावसाळ्यात कवेलू सरकले की पाणी नेमकं त्या पट्टीवर. अशा घरात जुलै महिन्यात स्विचला हात लावताना बायका पायाखाली पाट घ्यायच्या. कोणी शिकवलं नव्हतं, धक्के खाऊनच त्या शिकल्या होत्या.

मी कामाला लागलो तोवर तांब्याची जागा अॅल्युमिनियमने घेतली होती. देशात तांबं पुरेसं नव्हतं, आयात करावं लागे, म्हणून घरगुती वायरीही अॅल्युमिनियमच्या झाल्या. आम्हाला ती वायर कधी आवडली नाही. अॅल्युमिनियम मऊ, स्क्रूखाली दबत जातं, सैल पडतं, वर गंज धरतं, मग जोड तापतो आणि बोर्ड काळा पडतो. गंमत अशी की आमच्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातच मलाजखंडला तांब्याचा मोठा साठा आहे. हिंदुस्थान कॉपरने तिथे १९८२ मध्ये खाण सुरू केली. पुढे घरोघरी पुन्हा तांबं आलं. त्या अॅल्युमिनियमच्या काळात झालेली घरं मात्र तशीच राहिली. आजही कोणी सांगितलं की "पंख्याचं बटण चालू केलं की दिवा लपलपतो," तर मी आधी घराचं वय विचारतो.

एका दिव्याची जोडणी ही त्या काळाची आणखी एक खूण. १९८८-८९ पासून कुटीर ज्योती योजनेत गरीब घरांना एक बल्ब मिळायचा. एक बल्ब म्हणजे एक होल्डर आणि एक स्विच. घरात पहिल्यांदा दिवा लागला की शेजारचे जमायचे. पण त्या पट्टीत पुढे काही वाढवायला जागा नसायची. पोराचं लग्न झालं, वेगळी खोली झाली, पंखा आला, की त्याच बल्बच्या होल्डरमध्ये दोन पिनांची टोपी घालून तिथून वायर ओढायची. अशा लोंबत्या वायरी मी किती काढल्या त्याला गणती नाही. लोकांचा त्यात काही दोष नव्हता. घर वाढणार हे सगळ्यांना माहीत होतं, वायर टाकताना मात्र ते कोणी धरलं नव्हतं.

जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं. रविवारी सकाळी ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या छपरीत सगळी आळी. आमच्यासाठी त्याचा अर्थ एकच, प्लग पॉइंट. तोवर घरात प्लग म्हणजे इस्त्रीपुरता एखादा असायचा. आता बैठकीत एक हवा, आणि कवेलूवरच्या अँटेनापासून खाली येणारी चपटी तार कुठेतरी ठोकायला हवी. ती खिडकीच्या फटीतून आत आली. नव्वदच्या दशकात केबलची काळी गोल वायर आली, तीही खिडकीतून. टेलिफोनची आली, तीही तशीच. पुढे डिशची, मग कॅमेऱ्याची, मग वायफायच्या डब्याची. एकेका खिडकीच्या चौकटीवर या सगळ्या पिढ्या एकावर एक ठोकलेल्या मी पाहिल्या आहेत, जुन्या मेलेल्या वायरी न काढता.

टीव्हीने प्लग आणला, पण जीव धोक्यात घातला तो कूलरने. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. लोखंडी पत्र्याचा, तीन बाजूंना गवताची जाळी असलेला कूलर आल्यावर लोकांना रात्री झोप मिळू लागली. त्याची गरज मी कधी नाकारणार नाही. पण त्या कूलरची रचना नीट पाहावी. पत्र्याचं पिंप, खाली पाणी, पाण्यात पंप, वर मोटर, आणि खाली सांडलेल्या पाण्यावर अनवाणी उभा राहून बादलीने पाणी भरणारा माणूस. पंपाच्या वेटोळ्यावरचं आवरण एका ठिकाणी जरी गेलं तरी पिंपाला करंट येतो. त्या करंटला जमिनीत जायला वाट दिली असेल तर फ्यूज उडतो. वाट नसेल तर ती वाट माणूस होतो. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या धक्क्याने माणसं जातात, आणि दर उन्हाळ्यात वीज खात्याला तेच आवाहन पुन्हा काढावं लागतं: पाणी भरताना प्लग काढा, अर्थिंग तपासा.

तीन पिनांच्या प्लगची वरची पिन जाड आणि लांब असते. ती अर्थिंगची. लांब यासाठी की प्लग आत जाताना तिने सगळ्यांत आधी लागावं आणि बाहेर येताना सगळ्यांत शेवटी सुटावं. आमच्या गावात हीच पिन लोक कापून टाकायचे, कारण भिंतीतला सॉकेट दोन पिनांचा. जुन्या पट्टीवर दोनच वायरी, फार तर कडेने एक उघडी लोखंडी तार अर्थिंग म्हणून, आणि ती पुढे कुठे जाते ते कोणालाच माहीत नसे. मी ती तार धरून मागे चालत गेलो की अनेकदा ती अंगणातल्या एखाद्या खिळ्याला गुंडाळलेली सापडे.

अर्थिंगचा खड्डा जमीन पाहून करावा लागतो. आमच्या तालुक्यात कन्हार, मोरंड, सिहार, बरडी अशा धानाच्या जमिनी आहेत. कन्हारीत ओल टिकते, तिथे पाईप चांगला धरतो. बरडीत मुरूम, ओल लगेच उडून जाते. तिथे खड्डा खोल घ्यावा लागतो आणि उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं. जुनी पद्धत आठेक फूट खोल खड्डा, मध्ये लोखंडी पाईप, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर, वर पाणी घालायला तोंड. हल्ली तयार पिशव्यांचं मिश्रण मिळतं, तेही चांगलं. पण घरमालक खड्ड्याचे पैसे द्यायला कुरकुरतो आणि तेवढ्याच पैशांत रंगीत दिवे लावतो, हे पाहून मला आजही वाईट वाटतं.

ऐंशीच्या दशकापासून गावात स्लॅबची घरं वाढली आणि वीज भिंतीच्या आत गेली. काळा पाईप, नंतर पांढरा पीव्हीसी. स्लॅब टाकण्याआधी सळईवर पाईप बांधायचा, पंख्याच्या जागी फॅन बॉक्स ठेवायचा, भिंतीला झिरी मारून पाईप खाली बोर्डापर्यंत आणायचा, प्लास्टर झालं की स्प्रिंग घालून वायर ओढायची. गोल स्विच जाऊन सनमायकाच्या बोर्डावर पियानो बटणं आली, मग मॉड्यूलर. किटकॅटच्या जागी एमसीबी आले. घरं देखणी झाली. वायर दिसेनाशी झाली आणि तिच्याबद्दल विचार करणंही लोकांनी सोडलं. पट्टीच्या काळात एखादी वायर वाढवायची तर क्लिप उघडून तिच्याशेजारी दुसरी बसवता येई. पाईपात मात्र ठेकेदार जितक्या वायरी मावतील तितक्या कोंबायचा, एका पाईपात तीन खोल्या. पुढच्या माणसाला एक वायर टाकायची तरी भिंत फोडण्याशिवाय उपाय नाही.

हे सगळ्यांना कळलं ते लोडशेडिंगच्या वर्षांत. २००५ च्या पुढे काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे दहा-बारा तास आणि काही भागांत त्याहूनही जास्त वीज जात असे. पोरांच्या दहावी-बारावीच्या परीक्षा तेव्हा इन्व्हर्टरवर झाल्या. इन्व्हर्टर लावायचा म्हणजे घराची वीज दोन भागांत तोडायची: दिवे-पंखे बॅटरीवर आणि फ्रिज, गिझर, कूलर सरळ लाईनवर. कागदावर सोपं आहे. पण भिंतीत दोन्हींची वायर एकाच पाईपात आणि दोन्हींची न्यूट्रल एकच. त्या न्यूट्रलने आम्हाला रडवलं. घरात आरसीसीबी बसवला असेल तर सामाईक न्यूट्रलमुळे तो पुन्हा पुन्हा पडतो, लोक कंटाळतात आणि तोच काढून टाकतात. आरसीसीबी म्हणजे ३० मिलिअँपिअरची गळती झाली तरी वीज तोडणारा स्विच. कूलरवाल्या घरात जीव वाचवणारी ही वस्तू, आणि ती निघायची का, तर वीस वर्षांपूर्वी कोणी तरी एका न्यूट्रलची वायर वाचवली म्हणून.

मग २०१२ साल आलं. आमच्या तालुक्यात अदानी पॉवरच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच त्या वर्षी सुरू झाला आणि २०१४ पर्यंत पाचही झाले. प्रत्येकी ६६० मेगावॅट, एकूण ३,३०० मेगावॅट, पाणी वैनगंगेचं. इथून ७६५ केव्हीची लाईन कोराडी आणि अकोल्यावरून औरंगाबादकडे जाते. बाहेरगावचे लोक मला विचारतात, "तुमच्याकडे तर वीज जातच नसेल?" ७६५ केव्हीच्या तारेतून कोणाच्या घरात दिवा लागत नाही. आमच्या घरात वीज येते ती उपकेंद्रातून ११ केव्हीवर, तिथून आळीतल्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, आणि डीपीतून २३० व्होल्टने. वादळात झाड पडलं तर पडतं ते डीपीच्या लाईनवर. पण त्या केंद्राने गाव बदललं हे खरं. बाहेरून इंजिनिअर आले, भाड्याची घरं हवी झाली, त्यांत एसी हवे, गिझर हवे. पूर्वी मी घरासाठी ३/२० ची वायर मोठी समजायचो. आता एसीसाठी चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र लाईन आधीच धरावी लागते.

डीपीवरची एक गोष्ट इथेच सांगतो, कारण मोबाईलवर चालणाऱ्या घराला ती सगळ्यांत जास्त मारते. डीपीतून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघते. वाऱ्याने ती न्यूट्रल तुटली की घराघरांतला व्होल्टेज बिघडतो. कोणाकडे शंभर, तर कोणाकडे साडेतीनशेच्या वर. बल्ब आधी पांढरा फटक पडतो, मग फुटतो. बल्बच्या काळात नुकसान एका बल्बाचं होई. आता त्याच क्षणी वायफायचा डबा, टीव्ही, प्रत्येक स्विचमागची छोटी चिप, सगळं एकदम जातं. शिवाय आमच्याकडे जूनमध्ये विजा पडतात, त्यांचा झटका तारांवरून आत येतो. म्हणून पुतण्याच्या मेन बोर्डात मी दोन वस्तू आधीच लिहून ठेवल्या: जास्त व्होल्टेज आला की लाईन तोडणारा रिले आणि सर्ज अरेस्टर. आणि अरेस्टरला चांगली अर्थिंग नसेल तर तो नुसता डब्यात बसून राहतो, म्हणजे पुन्हा खड्ड्यापाशीच यावं लागतं.

आता मोबाईलचं. पुतण्याला वाटतं ही गोष्ट शहरातून आली. आमच्या तालुक्यात मोबाईलने पहिल्यांदा काय चालू झालं असेल तर शेतातली मोटर. शेतीची वीज आठवड्यात काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. उन्हाळी धानाला पाणी द्यायला रात्री बांधावरून जायचं, विंचू-साप तुडवत, आणि गेल्यावर कळायचं की लाईनच नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी यावर 'नॅनो गणेश' नावाचं यंत्र बनवलं. शेतकऱ्याने घरून फोन लावायचा, आवाजावरून शेतात वीज आहे की नाही ते कळायचं, आणि बटण दाबून पंप सुरू करायचा. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. नंतर अशा मोबाईल स्टार्टरचे अनेक प्रकार बाजारात आले आणि मीही ते बसवले. अंगठेबहाद्दर म्हातारे ते सहज वापरत. कारण ते एक खरं काम करत होतं, आणि यंत्र बिघडलं तरी स्टार्टरचं हिरवं बटण जागेवर होतं. शेतात जाऊन ते दाबता येई. घरातली मोबाईलवरची वस्तू मी याच कसोटीवर घासून पाहतो.

परदेशात घर असं दुरून चालवायची कल्पना पन्नास वर्षांची आहे. स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने १९७५ मध्ये 'एक्स-टेन' काढलं. घरातल्याच वीजवायरीतून निरोप पाठवून दिवा चालू-बंद करायचा. नंतर बिनतारी आलं. आपल्याकडे बोलून चालणारे डबे २०१७ नंतर पसरले. पण त्याच जगात दुसरंही घडलं. अमेरिकेत 'रिव्हॉल्व्ह' नावाचा घर चालवणारा डबा लोकांनी पैसे मोजून घेतला. कंपनी २०१४ मध्ये विकली गेली आणि मे २०१६ मध्ये सेवा बंद झाली. डबा भिंतीवर, काम शून्य. २०२२ मध्ये अशाच 'इन्स्टिऑन' कंपनीचे सर्व्हर एके दिवशी अचानक थांबले. त्याच वर्षी मोठ्या कंपन्यांनी एकमेकांच्या वस्तू एकत्र चालाव्यात म्हणून 'मॅटर' हे ठरलेलं मानक आणलं. चांगली गोष्ट आहे. पण आमच्या तिरोड्यातला स्लॅब त्या सगळ्यांपेक्षा जास्त टिकणार आहे.

म्हणून पुतण्यासोबत सळईवर उभं राहून आम्ही जे ठरवलं त्यात कंपनीचं नाव एकही नाही. पाईप २५ मिलिमीटरचा, अर्धाच भरायचा. लाईटची, प्लगची, एसीची, इन्व्हर्टरची न्यूट्रल वेगवेगळी. प्रत्येक बोर्डात न्यूट्रल, आणि हे जिन्यावर खास पाहायचं. कारण टू-वेच्या जुन्या पद्धतीत जिन्याच्या बॉक्समध्ये न्यूट्रल नेतच नाहीत, आणि मोबाईलचे बहुतेक स्विच न्यूट्रलशिवाय चालत नाहीत. बॉक्स खोल, म्हणजे स्विचमागे छोटं यंत्र बसलं तरी वायरी चेपणार नाहीत. पंख्याचं मी त्याला आधीच विचारलं, कारण तो बीएलडीसी पंखे घेणार आहे. साधा पंखा ७५ वॅट खातो, हा तीसेक. या पंख्याला भिंतीतला रेग्युलेटर चालत नाही, मग तिथे रेग्युलेटरची जागा कशाला?

वायफायवर त्याचा फार भरवसा होता. मी त्याला त्याच्याच नऊ इंची भिंतींकडे बोट दाखवलं. वर सळईने भरलेला स्लॅब. खालचा वायफाय वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत पोचणार नाही. म्हणून टीव्हीच्या जागी, वरच्या मजल्यावर आणि कॅमेऱ्यांच्या जागी नेटची वायर, विजेच्या पाईपाशी न मिसळता वेगळ्या पाईपातून. डिश, फायबर, कॅमेरा यांच्यासाठी भिंतीतून बाहेर पडणारा एक पाईप, खाली झुकवून, म्हणजे पाणी आत येणार नाही. खिडकीच्या चौकटीवर खिळा ठोकायचा नाही, हे मी सुनेलाही सांगून ठेवलं आहे.

गच्चीवरून मीटरपर्यंत एक मोठा रिकामा पाईप. २०२४ च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं; आज ना उद्या तो सोलर लावणारच. त्याच्या अर्थिंगचे खड्डे आताच खणून ठेवले, कारण अंगणात फरशी बसल्यावर कोणी खणू देत नाही. पाण्याच्या टाकीपासून मोटरच्या बोर्डापर्यंत एक बारीक पाईप आणि बाहेर गाडीपाशी एक जाड लाईन. कूलरच्या खिडकीखाली तीन पिनांचा जाड प्लग, त्याला स्वतःचा आरसीसीबी. या एका वस्तूवर मी त्याचं काहीच ऐकून घेतलं नाही.

घरात त्याची आजी आहे, म्हणजे माझी आई. तिला मोबाईल चालवता येत नाही आणि शिकायचाही नाही. तिच्या खोलीत, संडासच्या वाटेवर आणि देवघरात बटण हाताने चालेल, नेट असो वा नसो, मोबाईल सापडो वा न सापडो. पुतण्या म्हणाला, "मग त्यात स्मार्ट काय राहिलं मोठे बाबा?" मी म्हटलं, रात्री ती उठली की पायाजवळचा मंद दिवा आपोआप लागू दे, त्याच्यासाठी भिंतीत फूटभर उंचीवर बॉक्स ठेवू. तो लगेच तयार झाला. त्याला पटलेली ती पहिली गोष्ट.

स्लॅब टाकण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सळईवरच्या सगळ्या पाईपांचे फोटो घेतले, शेजारी टेप ठेवून, भिंतीपासून किती अंतर ते दिसेल असे. झिऱ्या मारल्यावर भिंतींचेही घेतले. त्याने ते मोबाईलमध्ये ठेवले, मी कागदावर नकाशा काढून मेन बोर्डाच्या दाराच्या आत चिकटवायला दिला. प्रत्येक रिकाम्या पाईपात नायलॉनची दोरी ओढून दोन्ही टोकांना गाठ मारली आहे आणि पाईप कुठे जातो ते टोकाला लिहिलं आहे. आता प्लास्टर सुरू आहे. ते वाळलं की वायर ओढायची. स्विच कोणत्या कंपनीचे, दिवे कोणते, बोलणारा डबा घ्यायचा की नाही, यातलं काहीच अजून ठरलेलं नाही. रंग लागेल तेव्हा पुतण्या ठरवेल.